सोळा कोअर, पण राबतो एकच: थ्रेड एका कोअरवर अडकतात तेव्हा काय तपासायचं

लक्षणं आधी सांगतो. यातलं एकही तुमच्याकडे दिसत नसेल तर तुमचा आजार वेगळा आहे, पुढे वाचू नका.

प्रोग्रॅमला आठ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारे कामाचे धागे) दिलेत, टॉपमध्ये (कोण किती प्रोसेसर खातंय ते दाखवणारी आज्ञा) दर कोअरला १०० या हिशेबाने ८०० टक्क्यांच्या आसपास आकडा दिसायला हवा, आणि दिसतो जेमतेम १००. टॉप चालू असताना १ दाबून एकेक कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) वेगळा पाहिला तर एक घामाघूम, बाकीचे पेंगतायत.

काम एकटं चालवलं तर वीस मिनिटांत उरकतं. शेजारी दुसरं काम लावलं की दोन्हींना चाळीस मिनिटं लागतात, आणि तरीही निम्मं मशीन रिकामंच.

थ्रेड चारचे आठ केले की वेळ कमी होण्याऐवजी वाढतो.

कोअर ठरवून द्यायला जावं तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून आज्ञा परत येते. किंवा निमूट मान्य होते, आणि थोड्या वेळाने पाहावं तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पुण्यातल्या एका संशोधन विभागात मी संगणकांची देखभाल करतो. ही तक्रार महिन्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येते, आणि बहुतेक वेळा ‘मशीन स्लो आहे, नवीन घ्या’ या वेषात येते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. खाली लिहिलंय ते लिनक्सबद्दल आहे. विंडोज आणि मॅकबद्दल शेवटाकडे थोडं. आज्ञांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीच्या स्पेलिंगनेच टंकायची.

मूळ गोष्ट एवढीच, की लिनक्समध्ये प्रत्येक थ्रेडपाशी एक परवानगीची यादी असते: तुला या या कोअरवर चालायची मुभा. या यादीला ॲफिनिटी मास्क म्हणतात. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, शेड्यूलर (कोणता थ्रेड कुठे चालेल हे ठरवणारा भाग) त्या यादीबाहेर थ्रेडला कधीच नेत नाही, बाकीचे कोअर रिकामे पडले असले तरी नाही. कोणीही काही ठरवलं नसेल तर यादीत सगळे कोअर असतात आणि शेड्यूलर कामं वाटून देतो. म्हणजे थ्रेड एकाच कोअरवर अडकले असतील तर बहुतेक वेळा कुठेतरी, कोणीतरी ती यादी आखडलेली आहे. आपलं काम तो ‘कोणीतरी’ शोधण्याचं. माझ्या अनुभवात तो क्वचितच कर्नल निघतो.

पहिली तपासणी, फुकटची: थ्रेड खरंच कामाला लागलेत का?

ही पायरी गाळून लोक दोन-दोन दिवस मास्कशी झगडतात. टॉपमध्ये मोठा एच दाबा, म्हणजे प्रोसेसऐवजी (चालू प्रोग्रॅमऐवजी) त्यातले थ्रेड वेगवेगळे दिसतील. आता नीट बघा.

आठ थ्रेड दिसतायत, सगळे ‘आर’ (चालू किंवा चालायला तयार) अवस्थेत, आणि प्रत्येकाच्या नावापुढे साधारण १२-१३ टक्के? मग आठ जणांत एक कोअर वाटला जातोय. एका ताटात आठ जण जेवायला बसलेत. हाच आपला आजार, पुढे चला.

पण एकच थ्रेड १०० टक्क्यांवर आणि बाकीचे सात ‘एस’ अवस्थेत झोपलेले असतील तर ॲफिनिटीला दोष देऊ नका. कामच एका थ्रेडवर चाललंय. पायथनमधला साधा लूप असेल तर जीआयएल नावाचं कुलूप एका वेळी एकाच थ्रेडला पायथनचा कोड चालवू देतं. किंवा सगळे थ्रेड एकाच लॉकपाशी रांगेत उभे असतील. आणि ‘डी’ अवस्थेत अडकलेले दिसले तर ते बहुधा डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फायलींची वाट बघतायत. या तिन्ही बाबतींत तुम्ही सोळाच्या सोळा कोअर मोकळे करून दिलेत तरी तसूभर फरक पडणार नाही.

थ्रेड सध्या कोणत्या कोअरवर आहे हे पाहायचं तर पीएस आज्ञेत ‘पीएसआर’ हा स्तंभ मागवा. थ्रेड शेवटचा कोणत्या कोअरवर चालला त्याचा क्रमांक तिथे येतो. चार-पाच वेळा पाहा. आठही थ्रेडांपुढे दर वेळी तोच आकडा येत असेल तर संशयाला जागा उरत नाही.

दुसरी, तीही फुकटची: यादी वाचा

टास्कसेट ही यादी वाचणारी आणि बदलणारी आज्ञा. तिला ‘-सीपी’ आणि प्रोसेसचा क्रमांक द्या. उत्तरात ०-१५ आलं तर सोळाही कोअर मोकळे आहेत. नुसता ० किंवा ३ आला तर चोर सापडला नसला तरी चोरी झाल्याचं पक्कं. हीच माहिती प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या स्टेटस फायलीत ‘सीपीयूज_अलाउड_लिस्ट’ या ओळीत असते.

इथे दोन खड्डे आहेत आणि दोन्हींत मी स्वतः पडलोय.

एक: मास्क प्रोसेसचा नसतो, थ्रेडचा असतो. टास्कसेटला प्रोसेसचा क्रमांक दिला की तो फक्त मुख्य थ्रेडची यादी दाखवतो, आणि बदलतोही तेवढीच. आधीच जन्मलेल्या बाकीच्या सात थ्रेडांना त्याची गंधवार्ता नसते. सगळ्यांना लागू करायचं तर ‘-ए’ हा पर्याय जोडावा लागतो. ‘मी बदललं पण काहीच झालं नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण इथे सापडतात.

दोन: ‘-सी’ विसरलात तर टास्कसेट तुमचा आकडा कोअरचा क्रमांक धरत नाही, हेक्स (सोळाच्या पायावरचा) मास्क धरतो. मास्कमध्ये प्रत्येक बिट म्हणजे एक कोअर. ३ म्हणजे शेवटचे दोन बिट, म्हणजे कोअर ० आणि १. ४ म्हणजे तिसरा बिट, म्हणजे एकटा कोअर २. एका विद्यार्थिनीने ‘टास्कसेट ४’ लिहून प्रोग्रॅम चालवला होता. तिच्या मनात होते चार कोअर, मिळाला एक, आणि तोही क्रमांक दोनचा. त्या स्क्रिप्टची पुढे अख्ख्या गटात नक्कल झाली. त्यामुळे पाच जणांची कामं एकाच कोअरवर एकमेकांच्या उरावर बसायची आणि बाकीचं मशीन थंड. हेक्समध्ये १० म्हणजे दहा नव्हे, सोळा; म्हणजे कोअर ४. डोकं चालवत बसण्यापेक्षा नेहमी ‘-सी ०-७’ असं सरळ लिहा.

तिसरी: वारसा

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! नवी प्रोसेस जन्मताना पालकाची यादी जशीच्या तशी उचलते, आणि पुढे दुसरा प्रोग्रॅम तिच्या जागी आला तरी यादी तीच राहते. नवा थ्रेडही त्याला जन्म देणाऱ्या थ्रेडची यादी घेतो. म्हणजे तुमच्या प्रोग्रॅममध्ये ॲफिनिटीचं अवाक्षर नसलं तरी ज्या शेलमधून (टर्मिनलवर आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅममधून) तो सुरू केला ती बांधलेली असली की संपलं.

तपासायला दहा सेकंद लागतात. त्याच टर्मिनलमध्ये एनप्रॉक चालवा, मग एनप्रॉक ‘--ऑल’ चालवा. पहिला आकडा या शेलला परवानगी असलेले कोअर सांगतो, दुसरा मशीनमध्ये बसवलेले. दोन्ही सारखे यायला हवेत. १ आणि १६ आले तर दोष वरून आलाय.

मग वर चढत जायचं. पीएसट्री (कोणत्या प्रोसेसने कोणाला जन्म दिला ते दाखवणारी आज्ञा) लावा, एकेका पूर्वजाची यादी वाचा, आणि ती जिथे पहिल्यांदा आखडलेली दिसते तिथे थांबा. टीमक्स (लॉगआउट झालं तरी टर्मिनल जिवंत ठेवणारा प्रोग्रॅम) हा माझा आवडता गुन्हेगार. कोणीतरी महिन्यापूर्वी बांधलेल्या शेलमधून टीमक्स सुरू केलेलं असतं. त्याचा सर्व्हर तीच यादी घेऊन जिवंत राहतो आणि त्यात उघडलेली प्रत्येक नवी खिडकी ती पुढे नेते. माणूस लॉगआउट होतो, पुन्हा येतो, टीमक्सला जोडून घेतो, आणि आजार कायम. बाहेर नव्या लॉगइनमध्ये तोच प्रोग्रॅम सुसाट पळत असेल तर जुनं टीमक्स बंद करून नवं सुरू करा. प्रोग्रॅम सेवा म्हणून चालत असेल तर सिस्टमडीच्या (सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) युनिट फायलीत ‘सीपीयूॲफिनिटी’ किंवा ‘अलाउडसीपीयूज’ अशी ओळ आहे का ते पाहा. ती ओळ लिहिणारा बहुतेक वेळा नोकरी सोडून गेलेला असतो.

चौथी: तुमच्याच प्रोग्रॅममधली लायब्ररी

शेल मोकळी आहे, तरी प्रोग्रॅम सुरू होऊन काही क्षणांत अडकतो? मग घरचाच भेदी आहे.

पायथनवाल्यांना हे जास्त भोवतं. सुरुवातीलाच ओएस मॉड्यूलमधलं ‘शेड_गेटॲफिनिटी’ छापा, आणि नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) वगैरे इम्पोर्ट झाल्यावर पुन्हा छापा. आधी सोळा कोअर आणि नंतर एक, असं आलं तर बहुधा नमपायच्या आतली ओपनब्लास ही गणिताची लायब्ररी ॲफिनिटी चालू ठेवून कंपाइल केलेली आहे. ती मुख्य थ्रेडला एका कोअरला जखडते. मग मल्टिप्रोसेसिंगने काढलेली सगळी पिल्लं त्याच कोअरवर जन्मतात, वारशाने. प्रोग्रॅम सुरू करण्याआधी ‘ओपनब्लास_मेन_फ्री’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला १ दिलं की मुख्य थ्रेड मोकळा राहतो.

पायथनचं ‘सीपीयू_काउंट’ मात्र यात साक्षीला बोलावू नका. ते मशीनचे कोअर मोजतं, तुम्हाला मिळालेले नाही. म्हणून तर एका कोअरच्या परवानगीत सोळा कामगार भरती होतात. पायथन ३.१३ पासून ‘प्रोसेस_सीपीयू_काउंट’ आलंय, ते परवानगी बघून मोजतं.

ओपनएमपी (एक काम अनेक थ्रेडांत वाटण्याची सोय) वापरत असाल तर ‘ओएमपी_प्रॉक_बाइंड’, ‘ओएमपी_प्लेसेस’, ‘गोम्प_सीपीयू_ॲफिनिटी’, आणि इंटेलचा कंपायलर असेल तर ‘केएमपी_ॲफिनिटी’, एवढी नावं तुमच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांत शोधा. बॅशआरसीत (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) कधीकाळी कुठल्याशा लेखातून चिकटवलेली ओळ हमखास निघते. ती ओळ एकट्या कामासाठी चांगलीही असू शकते: थ्रेड जागचा हलला नाही की त्याचा डेटा जवळच्या कॅशमध्ये गरम राहतो. पण प्रत्येक प्रोग्रॅम कोअर मोजायला शून्यापासून सुरुवात करतो. चार-चार थ्रेडांची दोन कामं लावलीत तर दोन्ही ० ते ३ वर जाऊन बसतात, ४ च्या पुढे कोणी फिरकत नाही. शेजारी दुसरं काम लागलं की वेळ दुप्पट, या लक्षणाचं हे सगळ्यात सामान्य कारण. ‘ओएमपी_डिस्प्ले_ॲफिनिटी’ला ‘ट्रू’ द्या. नव्या कंपायलरांत प्रत्येक थ्रेड कुठे बांधला ते तो स्वतःच छापतो.

एमपीआयची (अनेक प्रोसेसांनी मिळून एक काम करण्याची सोय) कथा हीच, जरा जास्त कावेबाज. ओपन एमपीआय १.८ पासून स्वतःहून बांधायला लागलं. रँक (म्हणजे कामातल्या एकेक प्रोसेस) दोन किंवा कमी असतील तर प्रत्येक रँक एका कोअरला बांधली जाते. आता त्या रँकच्या आत आठ ओपनएमपी थ्रेड असले तर ते आठही त्याच एका कोअरवर. कोणी काही चुकीचं केलेलं नसतं, दोन शहाणे एकत्र आलेले असतात, एवढंच. ‘--रिपोर्ट-बाइंडिंग्ज’ लावून बघा, आणि ‘--बाइंड-टू नन’ देऊन काम पुन्हा चालवा. वेळ एकदम उतरला तर निदान झालं. कायमचा उपाय म्हणून ‘--मॅप-बाय स्लॉट:पीई=८’ असं सांगून प्रत्येक रँकला आठ कोअर राखून द्या.

पाचवी: कुंपण

‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ येत असेल तर थेट इथे या. यादी तुम्ही कितीही लांब मागा, तुमची प्रोसेस ज्या सीपीयूसेटमध्ये (प्रोसेसांच्या गटाला नेमून दिलेल्या कोअरांच्या संचात) आहे त्याच्या बाहेरचे कोअर त्यातून गुपचूप गळतात. कुंपणात आहेत ० ते ३, मागितले २ ते ७, मिळाले २ आणि ३. मागितले फक्त ६ आणि ७, तर हाती काहीच उरत नाही आणि आज्ञा फेटाळली जाते. हा बिघाड नव्हे, कोणीतरी हेतुपुरस्सर घातलेलं कुंपण आहे.

सामायिक क्लस्टरवर हे कुंपण बहुधा स्लर्म (कामांची रांग लावून कोअर वाटणारा प्रोग्रॅम) घालतो. कामाच्या स्क्रिप्टमध्ये ‘--सीपीयूज-पर-टास्क’ लिहिलंच नाही तर एका टास्कला एकच कोअर मिळतो, मग ‘ओएमपी_नम_थ्रेड्स’ (थ्रेडांची संख्या) आठ असो की ऐंशी. शिवाय स्लर्मच्या २२.०५ आवृत्तीत एक बदल झाला: एसबॅचला (स्क्रिप्ट रांगेत लावणारी आज्ञा) सांगितलेला हा आकडा आतल्या एसरनला (स्क्रिप्टमधून प्रोग्रॅम चालवणारी आज्ञा) आपोआप मिळणं बंद झालं. काल चालणारी स्क्रिप्ट अपग्रेडनंतर आठपट रेंगाळू लागली तर आकडा एसरनलाही वेगळा देऊन पाहा. कुंपणातल्या कामावर टास्कसेट चालवून उपयोग नाही.

डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवण्याची सोय) दोन पर्याय दिसायला सख्खे, स्वभावाने वेगळे. ‘--सीपीयूसेट-सीपीयूज’ कोअर ठरवून देतो. ‘--सीपीयूज=२’ मात्र कोअर ठरवत नाही, वेळ ठरवतो: दर १०० मिलिसेकंदांत मिळून २०० मिलिसेकंद वापरा. कंटेनरमधल्या प्रोग्रॅमला समोर ६४ कोअर दिसतात, तो हौसेने ६४ थ्रेड सोडतो, सगळे मिळून ३ मिलिसेकंदांच्या आसपास शिधा फस्त करतात आणि उरलेले ९७ मिलिसेकंद गप्प उभे राहतात. बाहेरून दिसतं असं की थ्रेड सगळ्या कोअरवर पसरलेत, तरी काम गचके खात चाललंय. सीग्रूपच्या (प्रोसेसांच्या गटावर मर्यादा घालणारी कर्नलची सोय) सीपीयू.स्टॅट फायलीत ‘एनआर_थ्रॉटल्ड’चा आकडा भराभर वाढत असेल तर हेच. थ्रेड दोन करा, गचके जातील.

सहावी: कोअर मोकळे, पण जोड्या चुकलेल्या

आतापर्यंतच्या पायऱ्यांत आजार सापडला नाही तरच इथे या, कारण इथून पुढे फायदा कमी आणि खटाटोप जास्त.

एलएससीपीयू (प्रोसेसरची माहिती देणारी आज्ञा) ‘-ई’ चालवा. ‘कोअर’ स्तंभात एकच क्रमांक दोन ओळींत दिसला तर त्या दोन ओळी एकाच खऱ्या कोअरची दोन तोंडं आहेत, हायपरथ्रेडिंगची. काही मशीनवर ० आणि १ ही जोडी असते, काहींवर ० आणि ८. चार थ्रेड ‘०-३’ला बांधले आणि मशीन पहिल्या प्रकारचं निघालं तर चार थ्रेड दोनच कोअरवर. क्रमांक अंदाजाने कधीच धरू नका. इंटेलच्या २०२१ सालच्या बाराव्या पिढीपासून त्यात आणखी भर पडली: १२९००केमध्ये दोन तोंडांचे ८ दमदार आणि एका तोंडाचे ८ किफायतशीर कोअर, मिळून २४ तोंडं. काम सगळ्यांना समान वाटून दिलं तर जलद कोअर आपला वाटा उरकून मंद कोअरांची वाट बघत बसतात. अशा मशीनवर बांधण्यापेक्षा कामाचे तुकडे लहान करून मागेल त्याला देणं बरं. ओपनएमपीमध्ये त्याला ‘डायनॅमिक’ शेड्यूल म्हणतात.

दोन सॉकेटचं (दोन प्रोसेसर बसवलेलं) मशीन असेल तर मेमरीही बघावी लागते. लिनक्स एखादं पान (मेमरीचा छोटा तुकडा) सहसा त्याला पहिल्यांदा हात लावणाऱ्या थ्रेडच्या जवळच्या मेमरीत देतो. नंतर टास्कसेटने थ्रेड दुसऱ्या सॉकेटवर नेला तरी पानं त्याच्या मागे धावत जातीलच असं नाही. म्हणून इथे चालू काम हलवण्याऐवजी ते बंद करून न्यूमासीटीएलने कोअर आणि मेमरी एकत्र ठरवून नव्याने सुरू करा. एलएससीपीयूमध्ये न्यूमा नोड (जवळजवळच्या कोअर आणि मेमरीचा गट) एकच दिसत असेल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

शेवटचा खड्डा ‘आयसोलसीपीयूज’चा. कर्नलला बूट होताना हा पर्याय दिला की ते कोअर शेड्यूलरच्या वाटपातून बाहेर पडतात. समजा २ ते ५ असे वेगळे काढलेत आणि प्रोग्रॅमला ‘-सी २-५’ दिलं. वाटतं चार थ्रेड चार कोअरवर जातील. पण वाटप करणाराच तिथे नाही, त्यामुळे चारही एकाच कोअरवर ढीग करून बसतात. यादी वाचली तर निर्दोष, २-५. काम मात्र एकावर. मला हे पहिल्यांदा उमगायला एक आख्खी रात्र लागली. अशा कोअरवर प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र कोअर हाताने नेमून द्यावा लागतो. सिस फोल्डरमधल्या सीपीयूच्या जागेत ‘आयसोलेटेड’ नावाची फाइल रिकामी नसेल तर हा प्रकार संशयितांत धरा.

विंडोजवर टास्क मॅनेजरमधून ॲफिनिटी लावता येते, पण प्रोग्रॅम बंद केला की ती गेली. ‘स्टार्ट’ आज्ञेला ‘/ॲफिनिटी’ देऊन शॉर्टकट करून ठेवा. तिथेही आकडा हेक्सच असतो. ६४ पेक्षा जास्त तोंडं असलेल्या मशीनवर विंडोज त्यांचे गट पाडतं आणि विंडोज ११ च्या आधी साधे प्रोग्रॅम एकाच गटात राहायचे, म्हणून बरेचदा निम्मंच मशीन वापरात दिसायचं. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवर थ्रेड अमुक कोअरला बांधण्याची सोय प्रोग्रॅमला दिलेलीच नाही, तिकडे टास्कसेट शोधू नका.

आता कुठे थांबायचं.

प्रोसेस तुमची नाही, किंवा कुंपण दुसऱ्याने घातलंय: थांबा. परम ब्रह्म या महासंगणकासारख्या सामायिक यंत्रणेवर तुमच्याच स्क्रिप्टमधली मागणी दुरुस्त करा. त्यापुढचं प्रशासकाचं काम. रूट (मशीनचे सर्वाधिकार) हाती असलं तरी चालू डेटाबेसच्या सर्व्हरवर मास्क बदलून ‘बघू काय होतं’ करू नका.

टॉपमध्ये ‘एसटी’चा आकडा सतत शून्याच्या बराच वर असेल तर तुमचं मशीन आभासी आहे आणि यजमान तुमचा वेळ दुसऱ्याला देतोय. आतून तुम्ही काहीच करू शकत नाही, होस्टिंगवाल्याशी बोला.

कर्नलचे बूट पर्याय, बायोस आणि इंटरप्टची वाटणी या तीन गोष्टींना याआधी हात लावलेला नसेल तर माहीतगार माणूस शेजारी असल्याशिवाय लावू नका. चुकलं तर दूरचं मशीन नेटवर्कवरून गायब होतं आणि मग सर्व्हर रूमची किल्ली शोधत फिरावं लागतं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) ‘मशीन चेक’च्या ओळी असतील, एखादा कोअर आपोआप ऑफलाइन गेलेला दिसत असेल किंवा तापमानामुळे वेग उतरल्याच्या नोंदी असतील, तर तो हार्डवेअरचा मामला. मशीन वॉरंटीत असेल तर झाकण उघडू नका, सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा.

प्रशासकाला लिहिताना एनप्रॉकचे दोन्ही आकडे, प्रोसेसची परवानगीची ओळ, पीएसआरसकट थ्रेडांची यादी, एलएससीपीयूचं उत्तर आणि तुमची स्क्रिप्ट जोडा. मजकूर म्हणून जोडा, मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको.